हसायच्या पानावर वहिनी रडल्या

मंडळी, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

सुट्टीला गावी, बेंबळीला आलेय. येताना कॉलेजातल्या प्रेमाची एक हलकीफुलकी कादंबरी आणली होती, ती वहिनींनी वाचायला घेतली. वहिनींचं कॉलेज लग्नामुळं पहिल्याच वर्षी सुटलं.

आज पाहिलं, तर पुस्तक मांडीवर ठेवून त्या डोळे पुसत होत्या. पान कँटीनचं होतं. नायक घाबरून नायिकेच्या वहीवर चहा सांडतो, तो प्रसंग. मी तर पोट धरून हसले होते.

"वहिनी, अहो हे विनोदी आहे!"

"व्हय, मी बी लई हसले. मग आठवलं, आपण कँटीनमधी कधी बसलोच न्हाय. तास सुटला की पळत एसटी गाठायची. वाटायचं, पुढच्या वर्षी बसू."

दादा दारात कधी येऊन थांबला, कळलंच नाही. "इतकी वर्षं बोलली का न्हाईस?" त्यानं विचारलं.

"तुम्ही कधी विचारलं?"

दादा खाली बसला. मग म्हणाला, "पुन्हा नाव घालायचं का कॉलेजात?"

"घालायचं." वहिनी लगेच म्हणाल्या.

मी म्हटलं, घरी अभ्यास करून बाहेरून परीक्षा देता येईल.

"न्हाय ताई. वर्गात बसूनच शिकायचंय."

तिशीनंतर रोज कॉलेजला गेलेली कुणी बाई तुमच्या ओळखीत आहे का? वहिनींना तिच्याशी बोलायचंय.