नळी येईपर्यंतचे दिवस

दादाच्या पोटातली रक्ताची मुख्य नळी फुगली आहे, हे मुतखड्यासाठी केलेल्या सोनोग्राफीत अचानक कळलं. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून आम्हा बहीणभावाला समजावलं. फुगवटा मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना अगदी लागून होता. तयार मिळणारी कृत्रिम नळी बसवली, तर त्या वाहिन्यांची तोंडं झाकली गेली असती. म्हणून दादाच्याच मापाची, त्या तोंडांसमोर खिडक्या ठेवलेली नळी परदेशातून बनवून आणायची. ती जांघेतून आत सरकवतात, पोट फाडावं लागत नाही. यायला दोन-अडीच महिने लागणार होते. तोवर फुगवटा फुटू नये म्हणून ओझं उचलायचं नाही, बिडी बंद.

शहागडला हायवेवर दादाचं ट्रकच्या टायरांचं दुकान. तिथं तो स्वस्थ बसणार नाही, हे वहिनीला माहीत होतं. "वन्सं, तुमच्याकडंच ठेवून घ्या त्यांना," ती म्हणाली.

असा तो जालन्याला माझ्याकडे आला. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी पुण्यात. माझ्या लग्नानंतर भाऊ या घरात एका जेवणापेक्षा जास्त कधी थांबला नव्हता. आता सकाळी तो स्वयंपाकघरात खुर्ची टाकून मेथी निवडायचा आणि बोलत राहायचा. आई गेली तेव्हा मी बाळंतीण होते. तिचे शेवटचे दिवस मला कुणी नीट सांगितलेच नव्हते. ते त्यानं सांगितले.

"तुझं नाव घेऊन राह्यल्ती. मी म्हणलं, निघाली ती, वाटंत हे."

"खोटं बोललास?"

"मंग काय करू, बाई?"

मी त्याच्या पुढ्यातली निवडलेली मेथी धुवायला घेतली.

नळी आल्याचा फोन आला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. मी फोन ठेवेपर्यंत तो कपडे पिशवीत भरायलाही लागला होता.

ऑपरेशनला अख्खा दिवस गेला. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. खिडक्या बरोबर जागेवर बसल्या होत्या, दोन्ही मूत्रपिंडांना रक्त जात होतं. अशा ऑपरेशनात कधी पायांतली ताकद जाते, म्हणून आयसीयूत त्याला पाय हलवून दाखवायला सांगत होते. मला बघून त्यानं परत हलवले. "हलून राह्यलेत बघ," तो हळूच म्हणाला.

दवाखान्यातून तो थेट शहागडला गेला. आता वर्षातून एकदा सीटी स्कॅनला येतो. मागच्या खेपेला फुगवटा आक्रसलेला दिसला. परतताना वाट वाकडी करून जालन्याला आला, चहा घेतला.

"दोन दिवस राह्य की," मी म्हणाले.

"दुकानावर कोणी न्हाई, बाई."

त्याला बसमध्ये बसवून मी चालत घरी आले. तो बरा आहे, याहून जास्त मला काय हवं? तरी आजाराचे ते दिवस परत यावेत असं वाटतं, आणि हे वहिनीला सांगता येत नाही. रोज संध्याकाळी मी फोन करते. मागे ट्रकचे हॉर्न वाजत असतात. "बोल, बाई," तो म्हणतो, आणि मी काही बोलायच्या आत, "थांब जरा, गिऱ्हाईक आलंय."