उलटवून शिवलेली कॉलर

दादा,

आपल्या कोन गावच्या नाक्यावर टॅक्सीत माझी बॅग ठेवताना आईने विचारलं होतं, "कापडंच बघायचीत ना गं? माणसं नाहीत ना?"

"कापडंच, आई," मी म्हटलं. लूमच्या कापडातले दोष शोधणाऱ्या मुलीचं परदेशातल्या कोर्टात काय काम, हे मलाही नीट ठाऊक नव्हतं.

इथे आल्यावर कळलं. एका देशात लष्कराने गावंच्या गावं मारून पुरली होती. त्या खड्ड्यांतून निघालेले कपडे धुवायचे, वाळवायचे, वीण आणि शिलाई नोंदवायची. चेहरे उरलेले नसतात. कपड्यांवरून घरचे ओळखतात, आणि तीच ओळख सेनापतीविरुद्ध पुरावा होते. आईला हे मी कधीच सांगितलं नाही. ती गेली तेव्हाही मी इथे ड्युटीवरच होते.

पहिल्याच वर्षी एक बाई आली, आईच्या वयाची. एका शर्टापाशी थांबली, कॉलर आतून चाचपू लागली. विरलेली कॉलर उसवून, उलटवून पुन्हा शिवलेली होती. बाबांच्या शर्टांना आई करायची, अगदी तशी. दुभाषी हळूच म्हणाला, "टाके माझे आहेत म्हणतायत. मुलाचा शर्ट आहे."

तिने कोर्टात साक्ष दिली. खटला वर्षानुवर्षं चालला. निकालाला थोडे आठवडे उरले आणि सेनापती आजारपणात मेला. मेलेल्यावर निकाल देता येत नाही. खटला बंद झाला.

तिच्या घरी सांगायला गेलेल्यांत मीही होते. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे त्याने मारलं, असं कुठेच लिहिलेलं राहणार नाही?"

आमच्यातल्या एकाने खटला बंद झाल्याचा कागद तिच्यापुढे ठेवला.

"मग शर्ट तरी द्या."

तोही देता आला नाही, दादा. सेनापतीच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांचे खटले चालू आहेत. शर्ट अजून पुरावा आहे. आता तो बघायला ती दरवर्षी येते. मी टेबलावर मांडते, ती शेजारी बसते. हात लावायची परवानगी नाही. मी टेबलाकडे पाठ करून, दाराकडे बघत उभी राहते.

तू फोनवर म्हणतोस, "आपल्या शेजारच्या पूर्णा गावात एवढी गोडाऊन झालीत, कुठेही नोकरी मिळेल. आता घरी ये." आई नसलेलं ते घर मला अजून बघवत नाही. इथल्या खोलीला घर म्हणवत नाही. पण मंगळवारी ती बाई यायची आहे. कापड जुनं झालंय, घडी उलगडताना विरतं. ते फाटू न देता कसं उघडायचं, हे इथे मलाच जमतं. एवढं झालं की येते, असं लिहिलं होतं. खोडलं.