कापसाच्या खोलीतली वहिनी

आईला वहिनी पसंत नव्हती. तिला सून म्हणून सख्ख्या भावाची मुलगी हवी होती, पण वडिलांनी सुलतानपूरच्या पाहुण्यांना शब्द देऊन टाकला. वडिलांपुढे आईचं चालायचं नाही. सुनेपुढे चालायचं.

इंग्रजी अमदानीतल्या वऱ्हाडात आमच्यासारखी घरं भाव चढेपर्यंत कापूस घरातच भरून ठेवत. त्या वर्षी आईने तो वहिनीच्या खोलीत आढ्यापर्यंत भरायला लावला. दादा मेहकरला मास्तर होता, महिन्यातून एकदा यायचा. वहिनी कापसाला पाठ लावून एकटीच झोपायची.

माघात तिच्या अंगावर लाल चट्टे उठले. मान, पोट, दंड खाजवून ती रक्त काढायची. साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात आणि ते माणसाला फोडून काढतात, हे घरातल्या जाणत्या बायांना ठाऊक असतं. पुरुष ओसरीवर झोपतात, त्यांना कुठून कळणार? आणि वहिनी नवी, नुसती ज्वारी पिकवणाऱ्या घरातली.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. एका दुपारी त्या ढिगावर मनसोक्त लोळले. संध्याकाळी माझंही अंग चट्ट्यांनी फुललं. आईने कडुनिंबाचा पाला चोळला आणि पाठीत धपाटा घातला. "कापसात काऊन गेली होती वं? किडे हायेत त्यात." वहिनीने ते दारातून ऐकलं.

दोन दिवसांनी दादा आला. आईने त्याच्यासमोर माझं झंपर वर केलं.

"पाह्य, तुह्या बायकोजवळ बसली तं पोरीलेबी लागला. महारोग हाय हा. आजच्या आज हिले माहेरी सोड."

वहिनीने माझे दोन्ही हात धरले. "बाई, तुम्ही कापसावर लोळल्या होत्या ना? सांगा ना तुमच्या भावाले."

आईचा हात माझ्या मानेवर होता. पण खरं सांगते, मी केवळ भीतीपोटी खोटं बोलले असं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला ते आवडत होतं. मी म्हणाले, "नाही." तेव्हाच्या त्या पोरीचं, माझंच, थोबाड अजून फोडावंसं वाटतं.

महारोगाचं नाव ऐकून वडिलांनीच गाडी जुंपायला सांगितली. माहेरी आठ दिवसांत वहिनी बरी झाली. तिचे वडील सांगायला आले, त्यांना आईने पाणीसुद्धा विचारलं नाही.

पुढच्या हंगामात मामाची मुलगी सून होऊन येणार होती. वेचणीचा कापूस अंगणात उतरला तेव्हा आई दादाला म्हणाली, "औंदा तो गोठ्यात टाक. नव्या नवरीच्या अंगाले खाज सुटंल."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तो पहिलं गाठोडं उचलून गोठ्याकडे निघाला.