टेंभुर्णीची बिल्टी

नवीन जालन्यात, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर, मालट्रकांचं बुकिंग करणारं एक ऑफिस आहे. तिथं खुर्शीद मुन्शी छत्तीस वर्षं बिल्ट्या लिहीत आले. माल कुणाचा, कुणाला, किती आणि कोणत्या गाडीत, हे सांगणारा कागद म्हणजे बिल्टी. बाकीच्या ऑफिसांत तिच्यावर तालुका, जिल्हा, पिन कोड असं सगळं लिहितात. मुन्शी नुसतं गाव लिहीत. "ज्याला गाव माहीत न्हाई त्यानं पिन कोड लिहावा," असं ते म्हणत, आणि म्हणताना चष्म्यावरून मोनालीकडं बघत.

मोनाली रोज अंबडहून एसटीनं यायची आणि कॉम्प्युटरवर ई-वे बिलं काढायची. माल रस्त्यावर येण्याआधी तो कुठून कुठं, कुठल्या गाडीतून चाललाय, हे सरकारला कळवायचं आणि तो कागद गाडीवाल्याजवळ द्यायचा, असा कायदा आहे. दर दोनशे किलोमीटरला एक दिवस, अशी त्याला मुदत असते. मुन्शींच्या मते हा सगळा पोरखेळ होता. भोकरदनपासून परतूरपर्यंत कुठल्या गावात ट्रक सरळ वळतो आणि कुठल्या गावात मारुतीच्या पारापासून मागं घ्यावा लागतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. कुणी विचारलं नाही तर ते आपणहून सांगत. रिक्षाची वाट बघत उभ्या असलेल्या माणसालाही सांगत.

त्या मंगळवारी एका मिलची सळई बुक झाली. माल घेणारे काकासाहेब, गाव टेंभुर्णी. मुन्शींनी पेन उचललं, "टेंभुर्णी" लिहिलं, खाली रेघ मारली आणि विषय संपवला.

"चाचा, ह्याला दोन दिवसांची मुदत येऊन राह्यली," मोनाली म्हणाली.

"टेंभुर्णीला दोन दिवस?" मुन्शी खो खो हसले. "तुझ्या कॉम्प्युटरला काय बैलगाडी वाटली का? दुपारच्या चहाला गाडी वापस येती!"

"पण मिलनं बिलात जो पिन कोड दिला तोच मी टाकला."

"मंग मिलवाल्याचा चुकला असंल. काकासाहेबाचा बंगला चालू हाये तिथं. मी वळखतो ना त्याला. त्याच्या लग्नाचं कपाट ह्याच हातानं पाठवलं मी."

गाडी रायभानची होती. रायभानच्या वडिलांनी मेंढरामागं अर्धा मराठवाडा पायी तुडवला. रायभाननं मेंढरं विकली, पंधरा वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हरकी केली, आणि गेल्या पोळ्याला स्वतःची आयशर आणली. घरात तेवढीच एक कमाई. त्यानं दोन्ही कागद हातात घेतले, डोकं खाजवलं आणि भीत भीत विचारलं, "चाचा, टेंभुर्णी म्हंजे आपलीच ना? जाफराबादची?"

"आणखी किती टेंभुर्ण्या असत्यात रे? बापानं मेंढरं चारली तिथं, अन् तू मला इचारतो? चल, जल्दी निघ!"

रायभान खजील झाला आणि राजूरच्या रस्त्यानं निघाला.

अकरा वाजता त्याचा फोन आला. राजूरच्या अलीकडं तपासणीच्या फिरत्या पथकानं गाडी अडवली होती. ई-वे बिलावर माल चालला होता सोलापूर जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला, म्हणजे अंबडवरून दक्षिणेला अडीचशे किलोमीटर. गाडी मात्र उत्तरेला तोंड करून उभी होती, आणि बिल्टीवर नुसतंच टेंभुर्णी. कागद एकीकडं आणि माल दुसरीकडं म्हटल्यावर कर चुकवायला माल मधेच उतरवण्याचा बेत दिसतो, आणि तसं असेल तर मालासकट गाडी जमा होते.

मुन्शींनी बिल्टीबुक पुढं ओढून आपलंच अक्षर पुन्हा वाचलं. मोनालीनं मिलला फोन लावून खात्री केली, माल सोलापूरकडच्या टेंभुर्णीचाच होता आणि हे काकासाहेबही दुसरेच होते, आणि तिनं ऑफिसच्या स्कूटीची चावी घेतली. हिनं दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं मुन्शींना वाटलं. बिल्टीबुक काखेत मारून आणि टोपी मुठीत धरून ते मागं बसले. रस्ताभर त्यांनी एकाही गावाची माहिती दिली नाही.

पथकाचे साहेब झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. "मालक तुम्ही?"

"मुन्शी."

"तुमचा ड्रायव्हर म्हणतो, मी रस्ता चुकलो. अंबडला जाणारा माणूस राजूरला चुकतो? मला हेच पटत नाही. हा काहीतरी लपवतोय."

मुन्शींनी रायभानकडं बघितलं. तो आयशरच्या बंपरला टेकून, मान खाली घालून उभा होता. "साहेब, माझीच चूक हाये," तो पुन्हा म्हणाला. "चाचानं बराबर सांगितल्तं. मीच येडा."

नुसतं हो म्हटलं की छत्तीस वर्षांचं नाव शाबूत राहत होतं. पण रायभान असाच खोटं बोलत राहिला तर गाडी जात होती. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि रागही स्वतःचाच आला.

"कागद द्या, साहेब," ते म्हणाले.

बिल्टी लिहिताना कधी न थांबणारा हात तीनदा थांबला. साहेबांनी कागद घेतला आणि मोठ्यानं वाचला: "टेंभुर्णी दोन आहेत. मला एकच माहीत होती. ड्रायव्हरने मला विचारले होते, मी त्यालाच झापले. ऑफिसातल्या मुलीनेही सांगितले होते, मी हसलो. चूक माझी एकट्याची आहे. खुर्शीद, मुन्शी."

साहेबांनी ई-वे बिल आणि मिलचं बिल ताडून पाहिलं, सळईच्या मोळ्या मोजायला लावल्या, मिलच्या माणसाशी स्वतः बोलले. सगळं जुळलं. मुदतही उद्यापर्यंत होती. "नवी बिल्टी करा, पूर्ण पत्त्याची, आणि गाडी वळवा," ते म्हणाले. "हा जबाब फायलीत राहील."

"राहू द्या," मुन्शी म्हणाले.

मोनाली पिन कोडचा एकेक आकडा सांगत गेली आणि मुन्शी शाळेतल्या पोरासारखे लिहीत गेले.

गाडीजवळ आल्यावर रायभान त्यांच्यावरच भडकला. "कशाला लिहून दिलं, चाचा? मी घेतलं होतं ना अंगावर!"

"तुला खोटं बोलता येत न्हाई. राजूरचा रस्ता चुकलो म्हणं! दर चतुर्थीला गणपतीला कोण येतं मंग, तुझं भूत?"

रायभानला हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला तो टायरवर लाथा मारून हवा बघू लागला.

"बरं, आता सांगा," तो म्हणाला, "तिकडल्या टेंभुर्णीत गाडी कुठून घालायची?"

मुन्शींनी टोपी डोक्यावर नीट बसवली, दांडीला धरून केबिनमध्ये चढले आणि रायभानशेजारी ऐसपैस बसले.

"मला काय माहीत?" ते म्हणाले. "चल, इचारत इचारत जाऊ."