तांदूळकाका आणि मिनूची सीट

तांदूळकाका कुणाच्या गाडीशी आले की आधी नमस्कार करत नसत. मागचं दार उघडायचे, आत बसलेल्या पोराच्या छातीवरच्या पट्ट्याखाली दोन बोटं सरकवायचे आणि मगच "काय वहिनी, बरं हाय नव्हं?" म्हणायचे. दोन बोटं जेमतेम गेली तर पट्टा ठीक. तिसरं शिरलं की आईबापांची शाळा सुरू. बहारीनमधली आमची ओळखीची मराठी कुटुंबं त्यांच्यासमोर गाडी उभी करायलाही बिचकत.

माणूस सांगलीचा. अस्करजवळच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात, सेफ्टीच्या खात्यात नोकरी. बायको आणि मुलगी सांगलीला, हे इथे एका खोलीत एकटे, म्हणून दर शुक्रवारी ईसा टाउनला आमच्याकडे जेवायला. जिन्याचा कठडा हलवून पाहिल्याशिवाय वर येत नसत आणि गॅसची नळी तपासल्याशिवाय जेवायला बसत नसत. माझ्या आमटीला मात्र त्यांनी कधी नाव ठेवलं नाही.

पंच्याऐंशीच्या सुमारास आमच्या ह्यांनी नवी कोरी जपानी गाडी घेतली. तिच्यात आमच्या चार वर्षांच्या मिनूची जागा ठरलेली होती. पुढच्या दोन सीटांच्या मधोमध, उभी, दोन्ही कोपरं टेकून, तोंड एसीच्या झोतात. एका शुक्रवारी काकांनी हे ध्यान पाहिलं आणि ते रस्त्यातच थांबले.

"साहेब, ही काय देवीची मूर्ती हाय, उभी करून मिरवायला? ब्रेक मारलासा तर काच फोडून जाईल की पोर!"

"अहो, मी चाळीसच्या वर चालवतच नाही," हे म्हणाले.

"मग चाळीसनं डोकं आपटून बघा की एकदा भिंतीवर."

दुसऱ्याच संध्याकाळी त्यांनी आम्हाला मनामातल्या एका दुकानात नेलं. मुलाला उंच बसवणारी बूस्टर सीट नावाची वस्तू मी तिथे पहिल्यांदा पाहिली. दुकानदार म्हणाला, "भाईसाब, ये लालवाला लीजिए, बच्चा लोग का फेवरेट." काकांनी लालवाली उचलली आणि थेट बाहेर गाडीत नेऊन ठेवली. "दुकानात सगळ्याच सीटा शहाण्यासारख्या वागतात," ते म्हणाले. अशा तीन सीटा त्यांनी गाडीत नेल्या आणि दोन परत आणल्या. गाडीचे मागचे पट्टे आम्ही अडचण नको म्हणून फटीत दडपले होते, ते ओढून काढून मिनूला तीनदा बांधलं, तीनदा सोडलं. लालवाल्या सीटवर पट्टा तिच्या पोटावर येत होता.

"पट्टा मांड्यांवर पायजे वहिनी, पोटावर नगं. वरचा खांद्यावर, गळ्यावर नगं. हाड सोसतं, पोट सोसत नाही."

शेवटी एक मातकट तपकिरी, कुरूप सीट पास झाली. मिनूने "आय डोन्ट वॉन्ट ब्राउन!" म्हणून भोकाड पसरलं. काका म्हणाले, "यल्ला, चल, बस गुमान."

पण खरी लढाई पुढेच होती. आमच्या गाडीच्या सीटांवर कारखान्यातून आलेलं प्लास्टिक तसंच होतं. आम्हीच कशाला, तेव्हा ते कुणीच काढत नसे. सोफ्यावर प्लास्टिक, टीव्हीच्या रिमोटवर प्लास्टिक, सगळं एक दिवस नव्यासारखं गावी न्यायचं. उन्हाळ्यात मांड्या भाजत, उठताना चर्रकन आवाज येई, पण प्लास्टिक देवाच्या वस्त्रासारखं जपायचं. काका म्हणाले, "हे काढा. ह्याच्यावर सीट घसरणार." ह्यांनी साफ सांगितलं, "प्लास्टिकला हात लावायचा नाही. मफी! नाही म्हणजे नाही!" मीही हट्टाला पेटले. म्हटलं, ते निघेपर्यंत माझी पोर या गाडीत बसणार नाही. दोन आठवडे आम्ही मायलेकी टॅक्सीने फिरलो आणि घरात अबोला.

तिसऱ्या शुक्रवारी काका जेवायला येताना बासमतीचं पोतं घेऊन आले. "मिनूच्या वजनाएवढं हाय. साहेब, पोर बसवू नका, तांदूळ बसवा. नाही घसरला तर मी परत तोंड उघडणार नाही."

जेवणं झाल्यावर गाडी सखीरच्या बाजूला नेली. तिथे तेव्हा नुसतं वाळवंट. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मिनूला घेऊन मी मागोमाग टॅक्सीने गेले आणि कडेला उभी राहिले. मागे पोतं पट्ट्याने बांधलेलं, पुढे काका, स्टिअरिंगवर हे, आणि काटा बरोबर चाळीसवर. काका ओरडले, "मारा!" ह्यांनी ब्रेक मारला. सीट प्लास्टिकवरून सुळकन घसरली, पोतं पट्ट्याखालून निसटलं आणि पुढच्या सीटांच्या मधून, नेमकं मिनू उभी राहायची तिथून, डॅशबोर्डवर जाऊन फुटलं. ह्यांच्या मांडीत तांदूळ, काकांच्या खिशात तांदूळ, एसीच्या जाळीत तांदूळ.

मिनू टाळ्या पिटत होती. हे खाली उतरले. चेहरा पांढराफटक. त्यांनी गाडीच्या किल्लीने मागच्या सीटचं प्लास्टिक टराटरा फाडलं. काकांनी फाटकं पोतं सुतळीने शिवून, उरलेला तांदूळ भरून पुन्हा बांधलं, पुन्हा ब्रेक मारायला लावला. पोतं जागचं हललं नाही.

परत येताना मिनू त्या कुरूप सीटवर बसली होती. काकांनी दोन बोटं सरकवून पाहिली आणि एकदम म्हणाले, "माझी पोर सांगलीत शेजाऱ्याच्या सायकलच्या दांडीवर बसून शाळंला जाती. तिथं माझा हात पोचत नाही." त्या दिवसापासून ते पोरांचे तांदूळकाका झाले.

दोन वर्षांनी ते कायमचे परतले. लोक टू-इन-वन रेडिओ आणि ब्लँकेटं नेत, काकांनी मिनूला छोटी झालेली सीट मागून नेली. घरी गाडी नव्हती. पत्रात लिहिलं, "पोर तिच्यावर बसून जेवते. उंची बरोबर येते."

गेल्या वर्षी मिनू सुट्टीवर आली तेव्हा आम्ही सांगलीला गेलो. काका थकलेत, हात कापतात. डॉक्टरकडे न्यायचं होतं, गाडी मिनूच चालवणार होती. काकांना बसवून तिने पट्टा लावला आणि सवयीने त्याखाली बोटं घातली. दोन गेली, तिसरंही गेलं. आयुष्यभर मराठीला इंग्रजीत उत्तर देणारी माझी लेक म्हणाली, "काका, सैल आहे."

मला रडू आवरेना. काका मात्र खूश होऊन म्हणाले, "मग बघतीस काय? आवळ की!"