मेक्सिकोचा चित्ता आणि कापसाचा काटा

मूर्तिजापूरला मोठ्या गाडीतून उतरून यवतमाळच्या छोट्या गाडीत बसलं, की माणसाला आपण एकाएकी थोराड झाल्यासारखं वाटतं. रूळ अरुंद, डबा बुटका, आणि वेग असा, की शेतात कापूस वेचणाऱ्या बाईने काही विचारलं तर डब्यातल्या माणसाने सविस्तर उत्तर द्यावं आणि तिचा पुढचा प्रश्नही ऐकावा. यवतमाळच्या एका वाचनालयाने मला व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय त्यांनीच ठरवला होता आणि तो मला दारव्ह्यापर्यंत आठवत नव्हता.

समोरच्या बाकावर एक ठेंगणा, मान जवळजवळ नसलेला तरुण मांडीवर पत्र्याची पेटी घेऊन बसला होता. त्याची बोटं पाहून मी विचारलं, "तबला वाजवता का?"

"नाई जी," तो नम्रपणे म्हणाला. "मी मेक्सिकोचा चित्ता आहो."

मी चष्मा पुसला. त्याने पेटी उघडून घडी घातलेली एक जाहिरात माझ्या हाती दिली. 'जागतिक फ्री-स्टाइल दंगल, मुक्काम आर्णी!' त्याखाली वीतभर अक्षरांत 'हंगेरीचा डोंगर विरुद्ध काबूलचा कर्दनकाळ'. मल्लांची वजनं जशी कमी होत गेली होती तशी अक्षरंही रोडावत गेली होती. अगदी तळाशी, छापखान्याच्या नावाला चिकटून, हे होतं: 'हलक्या वजनाचा जागतिक पट्टा (साठ किलोच्या आत). मेक्सिकोचा चित्ता विरुद्ध रंगूनचा विंचू.'

"मेक्सिकोत कुठे राहता?"

"आर्णीपासून दोन कोसावर. आमचा तांडा (बंजारा लोकांची वस्ती) हाय तिथं."

त्याचं खरं नाव मोतीराम. त्याच्या आजोबापणजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देश पालथा घातला होता, बापाने शेती धरली, आणि मोतीरामला कुस्तीचं वेड. पण आर्णीच्या दंगलीत जोड डोळ्यांनी लावतात. दोघांना खांद्याला खांदा लावून उभं करायचं, पंचाने दंड चाचपायचे आणि म्हणायचं, "जोड हाय!" लहान चणीच्यांची जोड आधी, रेवड्यांच्या बक्षिसावर. मोठ्यांची शेवटी. मान शेवटच्या कुस्तीचा, कारण तोवर सगळं मैदान भरून स्थिरावलेलं असतं.

"अन् जोडी लावणारा पंच म्हंजे माहा बा," मोतीराम म्हणाला. "दरसाली मले पैल्या कुस्तीत लावे. म्हने, मोत्या, तुयी चनच तेवढी हाय. रेवड्या खाऊन खाऊन दात किडले, गुरुजी. म्हून पळालो."

"आणि कंपनीत?"

"आठ वर्सं झाली. अजून पैल्यातच आहो. लोक शेंगा घेऊन राह्यतात, जागेवरून भांडून राह्यतात, अन् आमी दोघं तिकडं जागतिक पट्ट्यासाठी लढून राह्यतो."

कंपनीचे मालक स्वतःला 'प्रोफेसर' म्हणवत. कशाचे, हे कोणी विचारत नसे. या वेळी मुक्काम आपल्याच मुलखात आहे हे पाहून मोतीरामने त्यांच्याकडे शेवटच्या कुस्तीचा हट्ट धरला होता. प्रोफेसरांनी कबूल केलं होतं, पण एका अटीवर. पट्टा साठ किलोच्या आतला. आर्णीत सर्वांसमक्ष वजन होईल. साठच्या आत भरलास तर शेवटची कुस्ती तुझी, नाहीतर नेहमीप्रमाणे पहिली.

"मग भराल की."

"साठच हाय जी वजन, काट्यावर काटा. पन वजनाच्या आधी दोन दिवस याडीकडं (आईकडे) जेवाचं हाय. प्रोफेसरले ते ठाऊक हाय. मोठा हुशार मानूस."

"आणि जिंकणार कोण?"

"विंचू," तो सहज म्हणाला. "पुढच्या मुक्कामाच्या, पांढरकवड्याच्या जाहिराती तशा छापून झाल्या. मले जिंकाचं नाई, गुरुजी. मले शेवटी लढाचं हाय."

व्याख्यान यथासांग झालं. अध्यक्षांचं समारोपाचं भाषण माझ्या भाषणाहून लांब होतं आणि त्यात माझ्याशी असलेले मतभेद होते, त्यामुळे माझं म्हणणं काय होतं ते मलाही कळलं. दुसऱ्या दिवशी पुण्याला परतायचं सोडून मी आर्णीच्या मोटारीत बसलो. शेजारी अर्थातच चित्ता होता. सागाच्या जंगलातल्या चढावर मोटार तापली. ड्रायव्हर डबडं घेऊन नाल्यावर गेला, आणि तिथे कोणी पाहुणा भेटला म्हणून तासभर आलाच नाही. उतारूंपैकी कुणालाही यात नवल वाटलं नाही. मला वाटलं, ते मी मनात ठेवलं.

तांड्यावर जेवायला मीही होतो, आणि पुढे जे झालं त्याला मी थोडा जबाबदार आहे. मोतीरामची आई काचांच्या तुकड्यांनी लखलखणारी चोळी घालून चुलीपुढे बसली होती. बाटी (ज्वारीची भाकर), वांग्याची भाजी, वर तुपाची धार. मोतीरामने एका बाटीवर हात आखडता घेतला.

"पाह्यलं का गुरुजी," याडी मला म्हणाली, "पोट्टं वाळून काडी झालं. मेक्सिकोत जेवाले नाई भेटत काय?"

मी पुणेरी सभ्यपणाने म्हणालो, की घ्या एक, आईंचं मन मोडू नका. त्याने एक घेतली. मग मन न मोडण्याचा क्रम सुरू झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी रोडगे (गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे) झाले. त्यांचं वजन मी सांगत नाही. मला ते अजून जाणवतं.

बाप, धावजी, आमच्याबरोबर जेवला नाही. अंगणातल्या बाजेवर चिलीम ओढत बसला होता. मी जवळ जाऊन बसलो तेव्हा त्याने विचारलं, "काहो गुरुजी, कुस्तीच्या आधीच ठरते कोन पडन ते. तुमच्या पुण्यातबी असंच हाय काय?"

"कुस्तीत नाही," मी म्हणालो. "साहित्याच्या स्पर्धांत चालतं."

तो हसला नाही. "मंग ते पाहाले कायले जाता?" एवढंच म्हणाला.

वजनाचा समारंभ आर्णीच्या एका जिनात (कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात) होता, कारण माणूस पेलेल असा काटा तिथेच होता. अंगणात कापसाच्या गाड्या सोडलेल्या आणि प्रत्येक गाडीवर मालकासकट घरची माणसं. जिनाचे मालक बापूसाहेब अध्यक्ष. त्यांनी काट्याला हार घातला, नव्याने आलेल्या किलोच्या वजनांनाही हार घातला, नारळ फोडला आणि माणसाच्या आयुष्यातलं वजनाचं महत्त्व या विषयावर बोलू लागले. त्यांचं स्वतःचं वजन पाहता ते अधिकारवाणीने बोलत होते.

भाषण चालू असताना पिवळ्या कापडावर काळे ठिपके शिवलेला बुरखा आणि लंगोट अशा वेषात मोतीराम घामाने निथळत उभा होता. पहाटेपासून तो अंगाभोवती घोंगडी लपेटून नदीकाठाने धावला होता. प्रोफेसर रेशमी कोटात प्रसन्न दिसत होते. गावकरी पंच म्हणून धावजी एका गाडीच्या जुवावर बसला होता. कंपनीची माणसं सोडली तर बुरख्याआड कोण आहे हे त्याच्याशिवाय आणि माझ्याशिवाय तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

काट्यावर किसना मापारी होता. तीस वर्षं कापूस तोललेला माणूस. मोतीराम पारड्यात बसला. किसनाने दुसऱ्या पारड्यात वजनं चढवली, काटा स्थिर केला, मग सवयीने चित्त्याच्या पाठीवर तळवा दाबून पाहिला आणि तो बोटांनी चोळला. ओल पाहत होता. आणि मग जिनात दिवसातून शंभरदा उठणारी त्याची खणखणीत हाळी उठली.

"एकसष्ट!"

प्रोफेसरांनी हात जोडून आकाशाकडे पाहिलं.

"कडता दोन! एकोनसाठ भरला! उतरवा!"

कडता म्हणजे मालातल्या ओलीबद्दल आणि बारदान्याबद्दल वजनातून मापारी कापतो तो भाग. आकाशाकडे जोडलेले हात खाली आले. मग प्रोफेसर ओरडले, "ये कडता क्या चीज है?"

"कडता म्हंजे कडता, साहेब. या काट्यावर माह्या बापानं कापला, मीबी कापतो."

"अरे, ये आदमी है, कपास नहीं!"

किसनाने शांतपणे पुढच्याला बोलावलं. "काट्यावर चढलं का माल हाय जी. त्या विंचवालेबी दोनच लावतो. दुजाभाव नाई."

आता गाड्यांवरून हसू फुटलं. हंगामभर याच कडत्यावरून किसनाशी भांडणारी ही माणसं. आज ती एका आवाजात त्याच्या बाजूने उभी राहिली. "बरोबर हाय! कडता पायजेच!" एक म्हातारा जुवावर चढून म्हणाला, "बापूसाहेब, मानसाले कडता नसन तं कापसाले कायले? सांगा बरं, आत्ताच सांगा!"

बापूसाहेब सापडले. इतक्या गाड्यांसमोर या प्रश्नाचं उत्तर देण्यापेक्षा त्यांनी घसा साफ केला आणि या काट्याची परंपरा अबाधित राहील असं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. विंचू सत्तावन्न भरला. शेवटची कुस्ती मोतीरामची झाली. मी धावजीकडे पाहिलं. तो चिलमीतली राख झाडत होता.

दुपारी चारला दंगल सुरू झाली. नदीकाठच्या मैदानात दोरखंडांनी बांधलेला चौथरा, भोवती हजारभर माणसं. हंगेरीचा डोंगर माझ्याशी शुद्ध पंजाबीत बोलला आणि मोठा गोड माणूस निघाला. काबूलच्या कर्दनकाळावर तो पडला तेव्हा लाकडी फळ्यांनी जो आवाज केला, त्यावर मैदान खूष झालं. डोंगर जिंकला. डफडी वाजली.

आणि मैदान उठलं.

यात कुणाचा दोष नव्हता. सर्वांत मोठी जोड झाली म्हणजे दंगल संपली, हे इथल्या माणसाला लहानपणापासून माहीत. लोक धोतरं झाडू लागले, बैल जुंपू लागले. प्रोफेसर भोंग्यातून 'जागतिक पट्टा, जागतिक पट्टा' म्हणून ओरडत होते, पण त्यात फारसा जीव नव्हता. चौथऱ्यावर दोन लहान माणसं हात लोंबकळत उभी. धावजीही उठला, पागोटं नीट केलं आणि पाठ फिरवून चालू लागला.

मोतीरामने बुरखा ओढून काढला आणि दोरखंडाला धरून ओरडला.

"अरे कुठी चालले बाप्पा! बसा ना! आठ वर्सं झाली लढून राह्यलो, कोनी पाह्यलं नाई! एक डाव पाहा अन् मंग जा!"

बैलाचा कासरा धरलेला एक जण थबकला. "अबे, हे मेक्सिकोचं तं वऱ्हाडी बोलते!"

"मेक्सिको कायचं! धावजीचा मोत्या होय तो. रेवडीवाला!"

प्रोफेसरांनी भोंगा खाली ठेवला आणि डोकं धरलं. मैदानात हशा उसळला. "काबे मोत्या, मेक्सिकोत पऱ्हाटी (कपाशी) कशी हाय यंदा?"

"अळी लागली भाऊ! तू बस ना पैले!"

माणसं हसत हसत खाली बसू लागली. ज्यांनी बैल जुंपले होते ते गाडीतच उभे राहिले.

मी कुस्तीतला जाणकार नाही, पण त्या पाव तासात मला एक कळलं. डोंगर आणि कर्दनकाळ एकमेकांवर आदळले होते. हे दोघे लढत होते. एकाने धोबीपछाड मारावी, दुसऱ्याने हवेतच मांजरासारखं वळून पायांवर उतरावं. ठरलेलं होतं खरं, पण ठरलेलं असूनही ते करता यावं लागतं. मग एकदा मोतीरामने ढाक लावून विंचवाला पाठीवर आणलं. एक खांदा टेकला, दुसरा बोटभर वर. सगळं मैदान उभं राहून ओरडत होतं, "दाब मोत्या, दाब!" त्याने फक्त भार टाकायचा होता. खाली विंचू डोळे मिटून पडला होता. आठ वर्षं रोज संध्याकाळी त्याची मान याच हातांत सुखरूप राहिली होती.

मोतीरामने पकड सैल केली. पुढल्या मिनिटाला तो स्वतः पाठीवर होता.

मैदान हळहळलं, पंचांना दोन शिव्या मिळाल्या, पण डफडी थांबेपर्यंत जागचं कोणी हललं नाही. पट्टा कंपनीकडे एकच होता आणि तो डोंगराच्या कमरेच्या मापाचा. विंचवाने तो जानव्यासारखा खांद्यावरून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारीच्या अड्ड्यावर मोतीराम मला पोचवायला आला. प्रोफेसरांनी त्याला मेक्सिकोतून काढून टाकलं होतं. पांढरकवड्याला तो आता 'वऱ्हाडचा वाघ' म्हणून उतरणार होता. मी विचारलं, वडील काही बोलले का?

त्याने माझी वळकटी मोटारीच्या टपावर चढवली. मग म्हणाला, "रातच्याले जेवताना संगं बसला. कुस्तीचं काई बोलला नाई. मंग हात धुता धुता म्हने, 'मी उठून चाललो होतो, मोत्या. मंग बसलो.'"

पुण्यात मित्रांनी विचारलं, त्या कुस्त्या खऱ्या असतात का रे? मी त्यांना कडत्याची गोष्ट सांगितली, ते पोट धरून हसले. धावजीचं वाक्य मात्र सांगितलं नाही. वीस वर्षं मी पुस्तकांची परीक्षणं लिहितो आहे. इतकी मोठी दाद मला अजून कुणाला देता आलेली नाही, आणि मिळालेलीही नाही.