खिडकीसमोरचं गवत

फोन वाजला तेव्हा मी मागच्या अंगणात गवत कापत होते. मशीन बॅटरीची, आवाज कमी, म्हणून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवलेला फोन मला ऐकू आला. पलीकडे भासरे होते, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, यवतमाळच्या दवाखान्यातून. "वंदना, आटपलं," एवढंच म्हणाले. त्यांच्यामागे कुठेतरी ट्रॉलीची चाकं वाजत होती. गाडी ठरवली का, सोबत कोण आहे, एवढं विचारून मी फोन ठेवला आणि परत अंगणात आले. खिडकीसमोरचा पट्टा अर्धा झाला होता, अर्धा राहिला होता. तो मी पूर्ण केला. कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, या बाईला काळीज आहे की नाही? पण माणसं येणार होती, तिला अंगणातच ठेवावं लागणार होतं, आणि असल्या रानात ठेवलेलं तिला खपलं नसतं.

ती म्हणजे सिंधूबाई, माझी थोरली जाऊ. मी तिला नुसतं बाई म्हणायची. दिग्रसला आमची दोन घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत, मागचं अंगण मात्र एकच. मी लग्न होऊन आले तेव्हा तिने पहिल्याच सकाळी माझी परीक्षा घेतली होती. "कापूस येचता येते?" नाही, म्हटलं. "मंग सारवता येते?" नाही. "मंग तुले येते तरी काय वं?" मी म्हटलं, हिशेब. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "बरं झालं. या घरात कोणालेच येत नाही." त्यानंतर इतकी वर्षं आम्ही रोज कशावरून तरी भांडलो. मिठावरून, पाण्यावरून, वाळवण कोणाच्या उन्हात यावरून. भांडून झालं की तिच्याकडचा चहा माझ्याकडे आणि माझ्याकडची भाजी तिच्याकडे जायची. याला माया म्हणावं असं आम्हा दोघींना कधी वाटलं नाही. आम्हाला तेवढा वेळही नव्हता.

बसस्टँडच्या रस्त्यावर आमचं कृषी केंद्र आहे. बियाणं, फवारणी पंप, अलीकडे गवत कापायच्या मशिनीही. पावसाळा लागला की गिऱ्हाईक रोज एकच विचारतं, "ताई, पेट्रोलची घेऊ का ब्याटरीची?" माझं उत्तर ठरलेलं असतं. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कापायचं असेल, गवत कमरेएवढं आणि ओलं असेल, तर पेट्रोलची. वजन जास्त, दोरी ओढून चालू करावी लागते, हाताला मुंग्या येतात, पण ती कशालाच ऐकत नाही. घराचं अंगण असेल तर बॅटरीची. हलकी असते, धूर नाही, शेजारी शिव्या देत नाहीत. मात्र अर्ध्या तासात ती मान टाकते आणि जाड बुंधा आला की कापणारी नायलॉनची दोरी त्याला गुंडाळून बसते. एवढं सांगितलं की माझं काम संपलं. हे उत्तर मी इतक्या जणांना दिलं, आणि त्या पावसाळ्यात ते मला स्वतःला उपयोगी पडलं नाही.

बाईच्या फुफ्फुसांचा आजार गेल्या उन्हाळ्यात कळला. फुफ्फुसं आकसत चालली आहेत, डॉक्टर म्हणाले, आणि ती परत फुलत नाहीत. त्यांनी विचारलं, कापसात काम केलंय का? बाई म्हणाली, "कापसात नाही तं काय सोन्यात करन?" दरवर्षी भाव येईपर्यंत आमच्या पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस असायचा. तिची लेकरं त्याच ढिगावर झोपून मोठी झाली, लग्न होऊन दूर गेली. ती कापसामुळे आजारी पडली की आणखी कशामुळे, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. ऑक्सिजनची मशीन घरी आणली, नाकात नळी लावली, आणि तीन गोष्टी टाळायला सांगितल्या... धूळ, धूर आणि गाजर गवत. आमच्या अंगणापलीकडे एक रिकामा प्लॉट आहे. मालक बाहेरगावी, कुंपण पडलेलं. पाऊस पडला की तिथे गाजर गवताशिवाय दुसरं काही उगवत नाही. त्याला पांढरी फुलं आली की धडधाकट माणूसही शिंकून हैराण होतो.

उपाय सोपा होता, खिडकी लावून घ्यायची. पण खिडकी लावली की बाईचे डोळे फिरायचे. मशिनीवरचा आकडा तोच, नळीतली हवा तीच, तरी ती नळी ओढून काढायला लागायची. "मले कोंडू नका वो... कोंडू नका..." माझा नवरा म्हणाला, "अवं, दोन महिन्याचा तं प्रश्न हाय, होईल सवय." डॉक्टर म्हणाले, हे मनाचं आहे. असेल. पण छाती तिची होती. म्हणजे खिडकी उघडी हवी आणि तिच्यातून फुलांची धूळ यायला नको, याचा अर्थ एकच होता, त्या प्लॉटला फूल धरू द्यायचं नाही. मजूर मिळेनात. सगळ्या बाया सोयाबीनच्या निंदणाला. मी हातमोजे घालून खिडकीखालचं गवत मुळासकट उपटलं, पण सगळा प्लॉट उपटणं एका माणसाचं काम नव्हतं.

धुऱ्यासाठी घेतलेली पेट्रोलची मशीन भासऱ्यांकडे होतीच. एका सकाळी त्यांनी ती काढली. पेट्रोलमध्ये ऑइल मापात मिसळायचं असतं, मी दुकानात प्रत्येकाला सांगते. पण आमच्या लोकांना भाजीवर तेलाची तर्री दिसल्याशिवाय जसं समाधान नाही, तसं मशिनीतही. जास्त ऑइल घातलं की मशीन थंडी चालते, असं त्यांचं ठाम मत. मी दुपारी जेवायला घरी आले तेव्हा प्लॉटवर पांढऱ्या धुराचा लोट होता आणि वारा नेमका घराकडचा. भासरे पाठमोरे, कानाला दुपट्टा बांधून, मन लावून कापत होते. बायकोला श्वास घेता यावा म्हणून कापत होते ते. आणि खिडकीत बाईचा हात होता. हातात औषधाचा स्टीलचा चमचा. तो ती गजावर आपटत होती, आपटतच होती, आणि त्या आवाजाचा एक कणही त्या इंजिनापलीकडे जात नव्हता. मी धावत जाऊन खिडकी लावली, ऑक्सिजनच्या मशिनीवरची हवा वाढवली, तिला उठवून बसतं केलं. ती तांबडी-निळी झाली होती. बऱ्याच वेळाने श्वास लागला तेव्हा पहिलं वाक्य काय? "तुया भासऱ्याले सांग... मी भजं नोहो तळाले."

भासरे दारात उभे होते. त्यांच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही.

त्याच संध्याकाळी दुकानातली बॅटरीची मशीन मी घरी आणली. कापायला कमी पडणार हे मला ठाऊक होतं. तरी आणली, कारण ती चालू असताना चमचा ऐकू येतो का, हे मी आधी करून पाहिलं. येत होता. बाईने लुगड्याच्या काठाची चिंधी फाडून चमचा गजाला बांधून टाकला, पडायला नको म्हणून. एक टोला म्हणजे थांब. टोल्यावर टोले म्हणजे ये. थांब कशाला? तर अमुक झुडूप सुटलं हे दाखवायला. पलंगावरून तिला सगळा प्लॉट दिसायचा. मी घामाने निथळत असायची आणि मागून टन्न. "तिकडचं राह्यलं. तुले आंगण झाडता येत नव्हतं, अजूनही येत नाही." मरायला टेकलेलं माणूस असं मुकादमासारखं वागतं, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

दुकान उघडायच्या आधी आणि बंद केल्यावर मी कापायची. जाड बुंधे विळ्याने, बाकीचं मशिनीने. बॅटरी उतरली की चार्जिंगला. आणि श्रावणात आमच्याकडची लाईन म्हणजे पाहुणी, आली तर आली. एक पट्टा साफ करून दुसऱ्याकडे वळावं तर पहिल्याला नवे फुटवे. गाजर गवत कापल्याने मरत नाही, त्याला मुळासकट काढावं लागतं, हे मी जगाला सांगणारी बाई. पण त्याला फूल येऊ न देणं एवढंच माझ्या हातात होतं. गवत वाढायचं, चार्जिंग उतरायचं, तिची हवा उतरायची... आणि या तिघांमागे मी धावत होते. यातलं एक तरी थांबेल असं कुठलंही चिन्ह नव्हतं. डॉक्टरांना विचारलं तर ते खाली बघायचे. मी कोणाला काही विचारणंच सोडलं. गवताचं मला निदान कळत होतं.

एकदा मी कापत असताना लाईन गेली आणि थोड्या वेळात बॅटरीही संपली. खिडकीसमोरच पांढऱ्या कळ्यांचा एक मोठा पट्टा उरला होता, उद्या उमलतील अशा. लाईन आली की लावू म्हणून मी बॅटरी आणि चार्जर बाईच्या खोलीत ठेवून हात-पाय धुवायला गेले. त्या खोलीत इन्व्हर्टरवर चालणारा पॉइंट एकच, तिच्या उशाशी. त्यावर ऑक्सिजनची मशीन. त्या पॉइंटला दुसरं काही जोडू नका, असं मेकॅनिकने बजावलेलं. मी परत आले तर खोली एकदम शांत. ती मशीन सारखी फुसफुसायची, तो आवाज नव्हता. पॉइंटला माझा चार्जर लावलेला, त्याचा लाल दिवा लुकलुकत होता. ऑक्सिजनच्या मशिनीची पिन बाईच्या मांडीवर, आणि बाई खिडकीचे गज धरून बसलेली, ओठ जांभळे.

मी चार्जर उपटून फेकला. पिन लावली. "काय केलं हे? काहून केलं?" मी ओरडत होते. तिला बोलायला वेळ लागला.

"धकते मले... थोडा वेळ. तुई मशीन... कायले बंद पडली पाह्यजे?"

"एवढ्यात मेली असतीस!"

"मरतच हावो ना. पण खिडकी लावून नाही मरत."

मग मी विळा घेतला आणि तो पट्टा विळ्याने कापला. अंधार पडेपर्यंत. त्या दिवशी चमचा वाजला नाही. ती फक्त पाहत होती.

पोळा आला. आमच्याकडे पोळ्याला दारात पळसाच्या फांद्या रोवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उपटून, घरातली रोगराई सोबत ने म्हणून मारबतीच्या नावाने ओरडत, गावाबाहेर टाकून येतात. दरवर्षी आमच्या गल्लीत सगळ्यात मोठा आवाज बाईचा. मी यात कधी नव्हते. फांदी फेकून खोकला जात असता तर डॉक्टर कशाला, हे माझं म्हणणं, आणि ती म्हणायची, "तू नको येऊ, तुया आवाजानं मारबत थांबून राहीन." या वर्षी भासऱ्यांनी फांदी उचलली आणि तोंडातून शब्द फुटेना. तेवढ्यात मागून चमचा वाजू लागला, टोल्यावर टोले. मी खिडकीशी गेले. तिने नळीतल्या नळीत श्वास ओढला आणि हाताने सांगितलं... तू ओरड.

मी ओरडले. भर रस्त्यातून, दुकानाची गिऱ्हाइकं बघत असताना, "खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत!" गळा बसेपर्यंत ओरडले. फांदी पार नाल्यापलीकडे फेकली. विश्वास होता का? नव्हता. पण त्या सकाळी दुसरं करण्यासारखं माझ्याकडे काहीही उरलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात तिला यवतमाळला न्यावं लागलं. मी एसटीने भेटायला गेले तेव्हा तोंडावर मास्क होता. त्या खोलीच्या काचा पक्क्या बंद, उघडायची सोयच नाही. ती पलंगाच्या लोखंडी कठड्यावर बोट आपटत होती. आवाज होत नव्हता, पण मला कळलं. मी वाकले. तिने मास्क जरा बाजूला केला.

"मांगचा पलाट झाला?"

"झाला," मी म्हटलं. अर्धा राहिला होता.

"खोटी," ती म्हणाली. "लवकर कर. मी येतो तं खिडकी उघडी दिसली पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी मी खिडकीसमोरचंच गवत कापत होते, तेव्हा फोन वाजला.

आता पाऊस संपला आहे. प्लॉटवर शेवटचं गवत वाळायच्या आधी कापून घ्यायचं होतं. नवरा म्हणाला, "आता कायले त्या ब्याटरीच्या नादी लागतं? पेट्रोलवाली काढ. घंट्याभरात होते." त्याचं बरोबर होतं. गिऱ्हाइकाला मीही हेच सांगितलं असतं. घरात आता धूर टाळायचं कारण नाही. भासऱ्यांनी त्या खोलीत झोपणं सोडलंय, पण खिडकी ते रोज सकाळी उघडतात, आणि चमचा गजाला तसाच आहे. मी ऑइल मापात घातलं, दोरी ओढली, मशीन पहिल्याच झटक्यात चालू झाली. कापायला लागले. थोडं पुढे गेले आणि बंद करून मागे खिडकीकडे पाहिलं. परत दोरी ओढली. परत चार हात गेले, परत बंद. मशीन चालू असली की काही ऐकू येत नाही, म्हणून बंद करून पाहायचं... संध्याकाळ झाली तरी निम्मा प्लॉट तसाच उभा.

पेट्रोलच्या मशिनीने काम लवकर होतं, हे मी दुकानात अजूनही सांगते. माझं होत नाही.